लेकीच्या एकपात्रीसाठी मूकपटातली नटी सुचवा (नाशिक)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे. शाळेत पाच मिनिटांची एकपात्री करायची आहे. दरवर्षी तीनच ठरलेल्या असतात: जिजाऊ, सावित्रीबाई, राणी लक्ष्मीबाई. यंदा बाईसाहेब म्हणाल्या, "मी मूकपटातली नटी होणार, मग बोलायलाच नको." (पाठांतराचा कंटाळा, दुसरं काही नाही.) मी हो म्हणून बसले. आता नटी कोणती घ्यावी? आणि पाच मिनिटं न बोलता करायचं तरी काय? रविवारी पांडवलेण्याखाली फाळके स्मारकात जाऊन आलो. बागेत फोटो निघाले, तेवढंच.

पाथर्डीफाटा
सुलोचना घ्या. मूळ नाव रूबी मायर्स, आधी टेलिफोन ऑपरेटर होती. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये एकटीने आठ भूमिका केल्या. पुढे १९७३ चा फाळके पुरस्कारही मिळाला. टोप्या बदलता बदलता पाच मिनिटं कुठे गेली कळणार नाही.

जुनंनाशिक
सुलोचना झकासच, पण नाशकात बसून मुंबईची नटी शोधायची म्हणजे काखेत कळसा झाला. ताई, कमलाबाई गोखले करा.

१९१३ च्या मे महिन्यात 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा तारामती झाले होते अण्णा साळुंके. हॉटेलात काम करणारा पोरगा. दादासाहेबांनी बाई मिळावी म्हणून काय कमी पायपीट केली? कुणी तयारच होईना. याच साळुंक्यांनी पुढे 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. एकाच माणसाने!

'हरिश्चंद्र' चालल्यावर दादासाहेबांनी बिऱ्हाड नाशकात हलवलं. तेव्हा चित्ताकर्षक नाटक कंपनी इथे खेळ करायला आली होती. तीत दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला. दादासाहेबांनी कंपनीच्या रघुनाथराव गोखल्यांना गळ घातली आणि दोघींना मागून घेतलं. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये आई पार्वती झाली, मुलगी मोहिनी. सिनेमातल्या पहिल्या बाया आपल्या गावात कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि आपण पर्यटकांना नुसती मिसळ आणि द्राक्षं सांगत बसतो.

कमलाबाईंचा जन्म १९०० चा. म्हणजे तेव्हा त्या तेराच्या आसपास. तुमची लेक आठवीत ना?

गोदाकाठची
अंगावर काटा आला दादा. ती सप्टेंबरातच तेराची झाली.

रीळवेडा
कमलाबाईंना दुजोरा, पण एक अडचण. 'मोहिनी भस्मासुर' आज बघायला मिळत नाही. मुलगी नक्कल कशाची करणार? तेव्हा सरावासाठी मंदाकिनी फाळके बघा, दादासाहेबांची लेक. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण आहे. सिनेमा सुरू व्हायच्या आधी ही चिमुरडी नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव करून दाखवते आणि मग तिचाच कृष्ण होतो. मूकाभिनयाची याहून चांगली शिकवणी मला ठाऊक नाही.

यूट्यूबवर बघाल तर एक करा: माणसं दुडूदुडू पळताना दिसली तर वेग पाऊणपट ठेवा. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रं. आज ती चोवीसने पळवतात म्हणून सगळे चार्ली चॅप्लिन वाटतात. दादासाहेबांची माणसं तशी घाईची नव्हती हो!

रंगपेटी
मेकअपचं मी सांगते. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, तो काळा उमटायचा. म्हणून ओठ आणि कुंकू काळं करा, चेहरा फिकट, डोळे काजळाने ठळक. नऊवारी पांढरी किंवा राखाडी. भाड्याने आणणार असाल तर आदल्या दिवशी नेसवून बघा. मला गेल्या वर्षी एका दुकानाने "नऊवारी" म्हणून शिवलेली पॅंट दिली, तीही सहा वर्षांच्या पोरीची.

पाथर्डीफाटा
मी सुलोचना मागे घेतो.

जुनंनाशिक
घ्या, ही मोठ्या मनाची गोष्ट. ताई, पाच मिनिटांचं उत्तर गोष्टीतच आहे बघा. मोहिनी नाचते, भस्मासुर तसाच नाचतो, ती हळूच स्वतःच्या डोक्यावर हात ठेवते, तोही ठेवतो, आणि राख! एक शब्द लागत नाही. मध्ये पाट्या धरायला एखादी मैत्रीण उभी करा, मूकपटात असायच्या तशा. शेवटच्या पाटीवर लिहा: "या मोहिनीचा नातू म्हणजे विक्रम गोखले." परीक्षक उठून बसतील. आणखी वाचायचं असेल तर सार्वजनिक वाचनालयात जा, १८४० पासूनचं आहे, जुनं बरंच निघतं. रीना मोहन यांनी कमलाबाईंच्या उतारवयात केलेला माहितीपट मिळाला तर तोही बघा.

गोदाकाठची
ठरलं, मोहिनीच! काल तालीम झाली. पाट्या लेकीनेच रंगवल्या, तबल्याला तिचे आजोबा. भस्मासुर म्हणून धाकट्याला उभा केलाय. अडचण एवढीच, की डोक्यावर हात ठेवायची वेळ आली की तो आधी विचारतो, "ताई, खरंच जळणार नाही ना?" मूकपटात हे कसं बसवू?