मदत हवी आहे: कांस्य नाण्यावर फिकट हिरवी पावडर, भिजवावं की कोरून काढावं?

नमस्कार मंडळी,

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं (इ.स. 306–337) एक छोटं कांस्य नाणं माझ्याकडे आहे. मागच्या बाजूला किरणांचा मुकुट घातलेला सूर्यदेव उभा आहे, उजवा हात उंचावलेला, डाव्या हातात गोल, आणि पायाखाली टांकसाळीची अक्षरं. पॅटिना (काळाच्या ओघात धातूवर बसलेला थर) गडद तपकिरी आणि घट्ट आहे. खोलगट भागांत चांदीच्या मुलाम्याचे अंश अजून टिकून आहेत, आणि या नाण्याचं मला सगळ्यात अप्रूप तेच.

हवा दमट झाली तशी टांकसाळीच्या अक्षरांशेजारी फिकट हिरवा ठिपका उगवला. भिंगाखाली तो फुगीर दिसतो. दातकोरणीचं टोक लावलं की पिठासारखा सुटतो, आणि खाली खड्डा निघतो, त्याच्या तळाशी राखाडी, मेणचट थर. शेजारचा जुना गडद हिरवा थर मात्र टणक आहे, टोकाने जराही हलत नाही. पावडर झटकून नाणं मुद्दाम थोड्या दमट डबीत ठेवून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यात पुन्हा हिरवे कण. तेव्हा हा साधा कळक नसून ब्राँझ डिसीज (क्लोराइडमुळे ओलाव्यात कांस्य आतून खात जाणारा गंज) आहे, अशी माझी खात्री झाली आहे. पीव्हीसीच्या पाकिटामुळे धरणारा चिकट हिरवा थरही हा नव्हे, कारण ॲसिटोनने काही फरक पडला नाही.

लिंबू, व्हिनेगर असली आम्लं वापरणार नाही. पॅटिना उतरून खालचा धातू लालसर, सच्छिद्र दिसायला लागतो. इलेक्ट्रोलिसिसचंही तेच. ऑलिव्ह तेलात मुरवत ठेवायचा सल्ला जुने संग्राहक देतात, पण तेलातली आम्लंसुद्धा हळूहळू तांबं खातातच.

राहिला सोडियम सेस्क्विकार्बोनेटचा 5 टक्के द्राव. त्यात महिनोन्‌महिने भिजवल्यावर क्लोराइड निघून येतं म्हणतात. पण मुलाम्याचं काय होईल? पॅटिनाचा रंग बदलेल का? की फक्त खड्डा कोरून बेंझोट्रायझोल (तांब्यावर संरक्षक कवच धरणारं रसायन) लावणं पुरेसं आहे? खड्डा अक्षरांपर्यंत पोचला तर नाणं कुठल्या टांकसाळीचं हे सांगणारी खूणच जाईल. ज्यांनी हे स्वतः हाताळलं आहे त्यांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद 1

निदान अगदी बरोबर आहे. तो राखाडी थर म्हणजे क्युप्रस क्लोराइड. त्याला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की हिरवी पावडर होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल खालचं तांबं खाऊन नवं क्युप्रस क्लोराइड तयार करतं. म्हणून नुसती पावडर झटकून थांबत नाही.

तुमचं नाणं मी भिजवणार नाही. सेस्क्विकार्बोनेटने पॅटिनातलं थोडं तांबंही विरघळतं आणि पृष्ठभागावर निळसर-हिरवा नवा थर बसू शकतो. शिवाय तो मुलामा पातळ पॅटिनाच्या आधारावरच टिकलेला असतो. एका खड्ड्यासाठी सगळं नाणं पणाला लावू नका. सर्वांगाला रोग धरलेल्या नाण्याची गोष्ट वेगळी, तिथे भिजवण्यावाचून गत्यंतर नसतं.

भिंगाखाली बारीक सुई किंवा टोकदार लाकडी काडीने तो राखाडी थर शक्य तितका कोरून काढा. घाई इथेच नडते: तळाला निरोगी धातू किंवा लाल क्युप्राइट (तांब्याचं ऑक्साइड) लागला की हात थांबला पाहिजे. अक्षरांच्या बाजूने कधीही जोर देऊ नका, सुईचा दाब नेहमी अक्षरांपासून दूर जाणारा हवा. मग ॲसिटोनमध्ये बुडवून पाणी काढा, नीट वाळवा आणि इथेनॉलमधल्या 3 टक्के बेंझोट्रायझोलमध्ये दिवसभर ठेवा. हे रसायन अंगाला लागू देऊ नका. हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा, पावडर श्वासात जाऊ देऊ नका. वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. पण एक लक्षात घ्या, बेंझोट्रायझोल क्लोराइड काढत नाही, फक्त वर कवच धरतं. कोरणं अर्धवट राहिलं तर रोग पुन्हा उलटतो.

प्रतिसाद 2

वरच्याशी सहमत. खड्डा इतका अरुंद असेल की सुई तळाला पोचत नाही, तर सिल्व्हर ऑक्साइड अल्कोहोलमध्ये कालवून तो खड्ड्यात दाबून भरतात. क्लोराइडशी संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइडचा थर बनतो आणि खड्डा बुजतो. काळपट ठिपका राहतो, पण गडद पॅटिनावर तो फारसा उठून दिसत नाही.

आणि कोणी सेस्क्विकार्बोनेट वापरणारच असेल, तर द्रावात क्लोराइड उतरतंय का हे पाहणारी सिल्व्हर नायट्रेटची चाचणी करण्याआधी नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून कार्बोनेट संपवून घ्यावं. नाहीतर कार्बोनेटमुळेच साका येतो आणि तो क्लोराइडचाच वाटतो.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. भिजवण्याचा विचार सोडला. कोरूनच काढेन. साठवणीबद्दल एक शंका: सापेक्ष आर्द्रता किती ठेवावी, आणि बाकीच्या नाण्यांना धोका आहे का?

प्रतिसाद 1

40 टक्क्यांच्या खाली ठेवा, 35 च्या आसपास असेल तर उत्तम. हवाबंद डबीत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. जेलचा रंग बदलला की तापवून वाळवा आणि परत वापरा. साथीच्या रोगासारखी ही लागण पसरत नाही, पण सुटलेल्या पावडरीत क्लोराइड असतंच, तेव्हा हे नाणं वेगळंच असू द्या. लाकडी खणात मात्र नको. लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते आणि त्या काळच्या कांस्यात शिसंही बरंच असायचं, त्याला ती बाधते. मेण लावल्यावर सुरुवातीला दर आठवड्याला भिंगाखाली तो खड्डा बघत जा.