सॉकेटवरून येणाऱ्या नोंदी जुळतात, पण मराठी अक्षरं फुटतात: मदत हवी आहे

मंडळी, हर्णै बंदरावरच्या मासळी लिलावासाठी नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) प्रोग्राम लिहिलाय. काट्याजवळच्या लॅपटॉपवरून प्रत्येक नोंद (बोट, तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, मासळी, वजन, भाव) जेसन (माहिती मजकुरात मांडायची ठरावीक पद्धत) करून टीसीपी सॉकेटने (दोन कॉम्प्युटरमधली नेटवर्क जोडणी) मच्छीमार सोसायटीच्या कॉम्प्युटरवर जाते. तांडेलांचा हिशोब याच नोंदींवर होणार आहे, म्हणून एकही अक्षर बिघडलेलं मला नकोय.

टीसीपीला संदेश कळत नाही, तो फक्त बाइट्स ओळीने पोहोचवतो, एवढं ठाऊक आहे. एका डेटा इव्हेंटमध्ये (तुकडा आल्याची नोडची सूचना) कधी तीन नोंदी येतात, कधी अर्धीच. म्हणून प्रत्येक नोंदीनंतर न्यूलाइन (नवी ओळ सुरू करणारं चिन्ह) टाकतो. जेसन-स्ट्रिंगिफाय (नोंदीचं जेसन करणारं फंक्शन) मजकुरातली न्यूलाइन एस्केप करतं, म्हणजे दोन साध्या चिन्हांत लिहितं, त्यामुळे ही खूण नोंदीच्या पोटात येत नाही. आलेला तुकडा अधिक-चिन्हाने स्ट्रिंगला (साठवलेल्या मजकुराला) जोडतो, न्यूलाइनवर तोडतो, शेवटचा अपुरा भाग पुढच्या तुकड्यासाठी ठेवतो.

नोंदी सगळ्या येतात, पार्सही होतात, म्हणजे जेसन म्हणून वाचल्या जातात. पण मधूनच ‘सुरमई’चं ‘सु��मई’ होतं. घरी एकाच मशीनवर कधीच झालं नाही. बंदरावर रेंज गेली आणि साचलेल्या नोंदी एकदम आल्या की होतं. आकडे आणि बोटीचा इंग्रजी नंबर मात्र शाबूत राहतो. पावसाळी बंदी उठायच्या आत हे सुटायला हवं.

उत्तर:
तुमचं तोडणं बरोबर आहे, जोडणं चुकतंय. तुकडा हा बफर, म्हणजे नुसत्या बाइट्सचा साठा असतो. तो स्ट्रिंगला जोडलात की नोड तेवढ्याच तुकड्याचं डीकोडिंग (बाइट्सची अक्षरं) करून मोकळं होतं. देवनागरी अक्षर काय, काना-मात्रा काय, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये लिहायची पद्धत) प्रत्येकाला ३ बाइट लागतात. ‘र’चे २ बाइट इकडे आणि १ तिकडे गेला, की दोन्ही बाजूंना एकेक �. जेसनला तेही चालतं, म्हणून पार्स एरर येत नाही. इंग्रजी अक्षर आणि आकडा १ बाइटचा, तो फुटणार कसा?

कनेक्शन येताच त्या सॉकेटवर सेट-एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. मग अर्धं अक्षर नोड स्वतःकडे धरून ठेवतं. आणि ती जोडायची स्ट्रिंग प्रत्येक सॉकेटला वेगळी आहे ना, तेही बघा. दोन लॅपटॉप लागले तर नोंदी एकमेकींत मिसळतील.

प्रश्नकर्ता:
दादा, सेट-एन्कोडिंगने काम झालं, मनापासून आभार! स्ट्रिंगही आता सॉकेटगणिक वेगळी केली. कनेक्शन तुटलं तेव्हा उरलेल्या अर्ध्या नोंदीचं काय करू?

उत्तर:
टाकून द्या, अंदाजाने पुरी करू नका. प्रत्येक नोंदीला क्रमांक द्या. सोसायटीकडून त्या क्रमांकाची पोच येईपर्यंत लॅपटॉपने ती जपावी आणि पुन्हा जोडणी झाली की परत पाठवावी. आधी नोंदवलेला क्रमांक पुन्हा आला तर सोसायटीकडे फक्त पोच द्यायची, नोंद दुसऱ्यांदा घ्यायची नाही.