मदत हवी आहे: टर्बो गाडीला बाहेरचं इनटेक (इंजिनला हवा पुरवणारा फिल्टर आणि पाइप) बसवावं का?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 2017 ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, 2.0 टीएसआय, 230 पीएस. रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल) केलेलं नाही. बेळगावच्या उद्यमबागेतले ओळखीचे मिस्त्री उघडा कोन फिल्टर (बॉक्सशिवायचा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) बसव म्हणून मागे लागलेत, "पिकअप लगेच कळेल बघ."

मला पटत नाही. टर्बोनं हवेला किती दाब द्यायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो, मग ट्यूनिंगशिवाय नुसत्या फिल्टरनं ताकद कितीशी वाढणार? शिवाय कंपनीचा फिल्टरचा बॉक्स पुढून थंड हवा घेतो, उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढणार. मित्राच्या गाडीला असाच बसवलाय. आवाज झकास! ॲक्सिलरेटर सोडला की टर्बोचा फुस्स ऐकून अंगावर काटा येतो. पण खानापूर रोडच्या गर्दीत रांगत आलो, तेव्हा स्कॅनरवर इनटेकचं तापमान 60 अंशांवर गेलं होतं आणि गाडी जड वाटत होती.

खरी काळजी चोर्ला घाटाची. गोव्याला नेहमी जाणं असतं, पावसाळ्यात तिथं सगळं पाणीच पाणी. फिल्टर भिजला तर?

कुणी बसवण्याआधी आणि नंतर डायनोवर (गाडीची ताकद मोजायच्या मशीनवर) मोजलंय का? की जुन्या बॉक्समध्येच चांगला पॅनेल (चपटा) फिल्टर घालून उरलेले पैसे इंटरकूलरसाठी (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) ठेवू?