फिलर लिहून तासाला काय पडतं?

चौकटकार:
फिलर म्हणजे मासिकांतला छोटा मजकूर: ५० ते ३०० शब्दांच्या चौकटी, टिपा, प्रश्नमंजूषा. नव्या मुक्त लेखकाने हाच आधी धरावा असं माझं ठाम मत. मोठ्या लेखासाठी प्रस्ताव आणि जुने नमुने मागतात. फिलर बऱ्याच ठिकाणी थेट लिहूनच पाठवता येतो. दोनशे शब्द मिनिटभरात वाचून होतात, त्यामुळे अनोळखी नावाचाही मजकूर उघडला जातो.

मात्र आधी त्या मासिकाचे मागचे सहा अंक घेऊन सदराचे शब्द खरोखर मोजा. जागा १२० ची असेल तर १५० पाठवू नका. ऐनवेळी जाहिरात आली की कात्री खालून लागते, तेव्हा कामाची गोष्ट पहिल्या दोन वाक्यांत हवी.

हिशेबनीस:
शब्दाच्या दरावर भुलू नका, तासाचा काढा. १५० शब्द लिहायला पाऊण तास. त्यात विषय शोधणं, माहिती दोन ठिकाणी पडताळणं, मेल, बिल धरलं की झाले दोन तास. म्हणजे ताशी ७५ शब्द. हजार शब्दांचा लेख दहा तासांत झाला तर ताशी १००. इथवर फरक फार नाही. पण पाच फिलरपैकी एकच लागला, तर दहा तासांत १५० शब्द विकले गेले. ताशी १५! लेखाचा प्रस्ताव आधी मंजूर होतो, नाकारला तरी पानभरच मजकूर वाया जातो.

शिवाय कित्येक सदरं घरचीच माणसं लिहितात. खाली नाव नसेल, किंवा दर अंकात तीच आद्याक्षरं असतील, तर तिथे बाहेरच्याला सहसा जागा नसते.

चौकटकार:
पाचातला एकच का लागतो ते बघा ना. बहुतेकदा वेळ चुकलेली असते. मासिकाचा अंक महिने आधी बांधायला घेतात. ऋतू किंवा सणाशी जोडलेला मजकूर चार ते सहा महिने आधी पोचायला हवा. ऊन तापल्यावर पाठवलेली उन्हाळ्याची टीप पुढच्या वर्षीच कामाला येणार.

आणि एका अभ्यासावर एकच तुकडा कोण लिहितो? झोपेवर एक दिवस वाचलं, तर आरोग्यविषयक मासिकाला टीप, पालकांच्या मासिकाला मुलांच्या झोपेच्या वेळा, रात्रपाळीवाल्यांसाठी व्यवसायपत्रिकेला चौकट, शिवाय एक प्रश्नमंजूषा. कॉपीराइट शब्दरचनेवर असतो, माहितीवर नाही. फक्त प्रत्येक तुकडा नव्याने लिहा. वाक्यं फिरवून भागत नाही.

बारीक अक्षर:
दोघंही करार विसरलात. ‘सर्व हक्क’ देऊन टाकले तर तोच मजकूर पुन्हा विकता येत नाही. प्रथम प्रकाशनाचेच हक्क दिले तर नंतर पुनर्मुद्रणाला देता येतो. मानधन स्वीकारल्यावर की छापल्यावर, हेही लेखी विचारा. फिलर हा शिलकीचा माल: घेऊन ठेवतात, जागा मिळेल तेव्हा लावतात, कधी लावतच नाहीत. ‘छापल्यावर’ असेल तर अमुक महिन्यांत न छापल्यास मजकूर परत, एवढी ओळ मागून घ्या. आणि एकच तुकडा दोघांना एकाच वेळी नको, दोघांनी छापला तर दोन्ही दारं बंद.

नवाकोरा:
उत्तरच आलं नाही तर किती थांबायचं?

बारीक अक्षर:
मासिकाने मुदत दिली असेल तर तेवढं. नसेल तर सहा ते आठ आठवडे, मग दोन ओळींची आठवण. तीही वाया गेली तर मजकूर मागे घेतल्याचं कळवून दुसरीकडे पाठवा. तक्ता ठेवा: तुकडा, मासिक, तारीख, उत्तर, हक्क, पैसे आले का.

हिशेबनीस:
त्यात ‘लागलेली मिनिटं’ हा रकाना घाला, तोच सगळे विसरतात. एका वाचनातून चार तुकडे हे मान्य, पण मग चारही ठिकाणची पानं अभ्यासायचा वेळही धरा. तीस तुकडे पाठवून झाले की तासाचा आकडा काढायचा. लेखाच्या निम्म्यावर राहिला तर सरळ प्रस्ताव लिहायला बसा.

चौकटकार:
तीस चालतील. फक्त तिसावा पाठवला त्याच दिवशी हिशेब मांडू नका. तोवर निम्म्यांची उत्तरंही आलेली नसतात.