मदत हवी आहे : चहाच्या चोथ्यामुळं मेथी उगवेना का?
मंडळी, साताऱ्यात गच्चीवर कुंड्या आहेत, त्यातल्या एकीत आईनं महिनाभर चहाचा चोथा न धुता साखरेसकट टाकला आणि त्यातच मेथी पेरली, तर शेजारच्या कुंडीत चौथ्या दिवशी कोंब वर अन् हिच्यात चारच काड्या, त्याबी पिवळ्या. चहा-कॉफीची झाडं किडीनं पानं खाऊ नयेत म्हणून कॅफिन बनवतात, गळलेल्या पानांतून ते मातीत उतरलं की शेजारचं बी रुजायला अडतं असं वाचलंय. (गंमत म्हणजे कॉफीच्या फुलांतल्या मकरंदात तेच इतकं थोडं असतं की मधमाशीला फुलाचा वास उलट जास्त लक्षात राहतो, २०१३ च्या प्रयोगात दिसलंय.) मग मेथी कॅफिननं गेली का साखरेमुळं बुरशी धरली? चोथा धुऊन, कुजवून टाकला तर चालंल का? आई म्हणती, गुलाबाला चालतंय की!