सोयाबीनचे खोड आतून तांबूस: आता फवारणी करावी का?

प्रश्न (रिसोड, जि. वाशीम)
पेरणीला ३२ दिवस झाले आहेत. काही झाडे पिवळसर वाटली म्हणून २० झाडे उपटून उभी चिरली, तर ४ खोडांत तांबूस, नागमोडी पोखरण आढळली. दोन खोडांत पांढरट पिवळी, पाय नसलेली अळी होती आणि उरलेली दोन रिकामी होती. कृषी केंद्रात हा चक्रीभुंगा असल्याचे सांगून लगेच फवारणी करण्यास सुचवले. हे योग्य आहे का?

उत्तर १
ही खोडमाशी आहे. चक्रीभुंगा देठावर किंवा फांदीवर दोन समांतर खापा पाडतो आणि वरचा भाग वाळतो; आपल्या वर्णनात खापा कुठेच नाहीत. खोडमाशीची मादी जेमतेम २ मिलिमीटर लांब, चमकदार काळी असून ती पानात अंडी घालते. अळी शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते, आतला गर खाते, बाहेर पडण्यासाठी छिद्र करून ठेवते आणि मगच खोडात कोषात जाते. रिकाम्या खोडांवर असे छिद्र आहे का, हे पाहावे.

उत्तर २
निदानाशी सहमत आहे, मात्र मोजणीबद्दल शंका आहे. आर्थिक नुकसानीची पातळी (जिच्यापुढे गेल्यावरच फवारणीचा खर्च परवडतो) १० ते १५ टक्के प्रादुर्भावग्रस्त झाडे अशी धरतात, आणि आपण पिवळी झाडे निवडूनच चिरली असतील तर २० टक्के हा आकडा संपूर्ण शेताचा नव्हे. पातळी खरोखर ओलांडली असल्यास क्लोरअँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के हे कीटकनाशक, १० लिटर पाण्यात ३ मिलि, ही शिफारस आहे. तरीही खोडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा सहजासहजी पोचत नाही. खरे नुकसान रोपावस्थेत होते, म्हणून पुढील हंगामात थायमिथोक्झाम ३० एफएस (बियाण्याला लावायचे द्रव कीटकनाशक), किलोभर बियाण्यामागे १० मिलि, अशी बीजप्रक्रिया करावी आणि जिवाणूसंवर्धक (नत्र मिळवून देणारे उपयुक्त जिवाणू) त्यानंतर लावावे.

प्रश्नकर्ता
आपली शंका खरी ठरली. झाडे मी बांधाकडची पिवळीच निवडली होती. आज शेतात तिरपे चालत, न निवडता ५० झाडे चिरली, त्यांत ४ पोखरलेली निघाली. फवारणी तूर्त थांबवली असून आठवड्याने पुन्हा मोजणार आहे.