मदत हवी आहे: पऱ्यावरचा बंधारा गाळाने भरलाय, पाणी बागेत शिरतंय

पोफळीवाला (लांजा):
आमच्या बागेला लागून पऱ्या (डोंगरातून येणारा ओढा) आहे, त्यावर बंधारा. पूर्वी मे महिन्यातही कमरेएवढं पाणी असायचं. आता काठोकाठ गाळ. गेल्या जुलैत पाणी बाजूने फुटून बागेत शिरलं, चाळीसेक पोफळींची मुळं उघडी पडली. पावसाला तीन आठवडे राहिलेत, जेसीबी तासावर ठरवलाय. किती खोल काढू? लवकर सांगा.

वारणाकाठ:
बंधारा कसला? पक्की भिंत की बरग्यांचा, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्यांचा?

चिपळूणकर:
बिनधास्त काढा. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर आमच्याकडे वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढावाच लागला. थांबलात तर बाग जाईल.

देवरुखकर:
वाशिष्ठी कुठे आणि पऱ्या कुठे! आमच्या वाडीत पऱ्या सरळ आणि खोल केला. पहिल्याच पावसात दोन्ही काठ ढासळले, गाळ पुन्हा तिथेच. खेकडे गेले, चढणीचे मासेही दिसत नाहीत.

चिपळूणकर:
मासे नंतर बघू, आधी बाग वाचू दे.

मळेकरी:
गाळ टाकून देऊ नका. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 मध्ये सुरू झाली ती यासाठीच, शेतात पसरा.

पोफळीवाला:
शेतात पसरायचं विचारलं नाही मी. किती फूट, ते सांगा!

मातीपरीक्षक:
खोली सांगण्याआधी गाळ कसला ते कळू दे. बरणीत मूठभर घ्या, पाणी भरा, हलवून ठेवा. रेती मिनिटभरात तळाला बसते, बारीक गाळ काही तासांत, चिकणमातीने दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ राहतं. फुगवट्याच्या, म्हणजे तुंबलेल्या पाण्याच्या, वरच्या टोकाचा आणि भिंतीजवळचा गाळ वेगवेगळा बघा. वर काही खोदलंय का?

पोफळीवाला:
बंधारा फळ्यांचा आहे. टोकाला रेव आणि गोटे, भिंतीजवळ तांबडी माती. वरच्या वाडीला दोन वर्षांपूर्वी डोंगर कापून रस्ता झाला, माती उतारावरच लोटलेली आहे. त्याचा काय संबंध?

वारणाकाठ:
आणि पावसाळ्यात फळ्या काढता का?

पोफळीवाला:
दोन वर्षं नाही काढल्या. आधी वडील काढायचे.

वारणाकाठ:
मग हेच कारण! बरगे मृगाआधी काढायचे, पाऊस ओसरला की घालायचे. पुराचं पाणी मोकळं गेलं तर गाळ बराचसा आपोआप पुढे जातो.

मातीपरीक्षक:
बरोबर. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याला ढकलता येणाऱ्या गोट्याचं वजन ढोबळमानाने 64 पट होतं. उलट फळ्यांमागे पाणी तुंबलं की वेग मरतो. गोटे टोकालाच पडतात, माती भिंतीपर्यंत येऊन बसते. तुम्हाला दिसतंय ते हेच. मूळ तळ लागेल तेवढंच काढा, त्याखाली नको, काठाला हात नको. रस्त्याच्या मातीखाली घळीत दगडांचे छोटे बांध घाला, नाहीतर यंदाही तीच माती येईल.

देवरुखकर:
त्या उतारावर वाळ्याची रोपंही लावा, मुळं माती धरतात.

पोफळीवाला:
बरणी ठेवली होती. टोकाच्या गाळात चार बोटं रेव, वर जेमतेम बोटभर माती. भिंतीजवळच्या बरणीतलं पाणी अजून लालच आहे. खुणेचा जुना कातळ तीन फुटांवर लागला, जेसीबी तिथेच थांबवला. आज दोन फळ्या निघाल्या, तिसरी खाचेत फुगून बसलीय. पहारीने कडा तुटतेय. काय करू?

वारणाकाठ:
पहार नको. खाचेतली रेव सळईने मोकळी करा, दोन्ही टोकांना दोर बांधून चेनपुलीने सरळ वर ओढा. तिरकी झाली की अडकते.